पुलाखालची चार बोटं

ऑक्टोबर लागला की ईडन प्रेरीतल्या आमच्या घरामागचा मेपल आधी एकाच फांदीवर लाल होतो. बाकीचं झाड हिरवं आणि एक फांदी पेटलेली. ती दिसली की माझ्या उजव्या हाताची चार बोटं आपोआप एकमेकींना चिकटतात आणि मी ती आडवी धरून बघते, जणू मधल्या कुठल्या फटीत ती बसतायत का ते पाहायचं आहे. माझी मुलगी मुक्ता अकरा वर्षांची आहे. ती अंड्याचा घास तोंडात ठेवूनच म्हणते, "आई, यू आर डूइंग दॅट थिंग अगेन."

ही सवय मला इंडियानातल्या एका ओढ्याकाठी लागली. तिथे एक लाकडी पूल आहे, छप्पर असलेला. माझ्या पहिल्या नोकरीतली पहिली पानगळ मी त्या पुलाखाली घालवली. ती पानगळ अजून माझ्या बोटांत आहे.

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात वाढले. बाबा सेंटरिंगचं काम करायचे. स्लॅब ओतण्याआधी खाली बल्ल्या उभ्या करायच्या, त्यांवर फळ्या टाकायच्या, आणि काँक्रीट घट्ट झालं की सगळं काढून घ्यायचं. आई अंगणवाडीत मदतनीस होती. माझ्याआधी आमच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी विहारातल्या ट्यूबलाइटखाली अभ्यास केला, कारण तिथे डास कमी आणि पंखा चालू असायचा. शाळेतले मेश्राम सर भूमिती शिकवताना खडू मोडून अर्धा आमच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "काढ. चुकलं तर पुसू." अमेरिकेत पहिल्यांदा एका पुलाचा आराखडा काढायला बसले तेव्हा हातात माउस होता, पण कानात तेच वाक्य होतं. मी हे उपकार म्हणून सांगत नाही. हा माझा पाया आहे, आणि पाया कुठे आहे हे इंजिनिअरला माहीत असावं लागतं.

तर तो पूल.

मास्टर्स झाल्यावर मला इंडियानातल्या एका छोट्या कंपनीत नोकरी लागली. कामाला लागून थोडेच दिवस झाले होते तेव्हा साहेबांनी गाडीची किल्ली दिली आणि म्हणाले, जाऊन बघून ये. काउंटीनं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या कारभारानं, ठरवलं होतं की वसंतापर्यंत पूल सुरक्षित ठरला नाही तर तो उतरवायचा आणि तिथे काँक्रीटचा टाकायचा. पुलाची देखभाल गावातलं एक मंडळ करत होतं, आणि मंडळाला पूल हवा होता. माझ्या अहवालावर पुढचं ठरणार होतं.

मका काढणीला आला होता. दोन्ही बाजूंनी वाळलेली ताटं सळसळत होती आणि कापणीयंत्रांचा पिवळसर धुरळा रस्त्यावर तरंगत होता. रस्ता उतरला, पांढऱ्या बुंध्यांची सिकॅमोरची झाडं दिसली, आणि त्यांच्यामध्ये लाल रंगाचं एक लांबट घर. घराला समोरची भिंत नव्हती. रस्ता सरळ त्याच्या आत जात होता.

आत शिरले आणि गाडी थांबवली. उन्हाच्या बारीक पट्ट्या फळ्यांमधून जमिनीवर पडल्या होत्या. जुन्या लाकडाचा, धुळीचा आणि पाकोळ्यांच्या घरट्यांचा वास. दक्षिणेच्या भिंतीवर ठिपकेवाले नारिंगी किडे शेकडोंनी चिकटले होते. सोयाबीन निघालं की ते थंडीसाठी आसरा शोधत येतात. छपरावर काळ्या अक्रोडाचं फळ धप्पकन पडलं आणि मी दचकले.

दाराच्या चौकटीवर जुन्या अक्षरांत लिहिलं होतं: घोडे चालवत न्या. घोडे एका ठेक्यात दौडले की पूल त्या ठेक्यात हलायला लागतो, म्हणून. मी पुस्तकात वाचलं होतं, पण ज्या दारातून घोडे गेले त्या दारात उभं राहून वाचणं वेगळं.

लोकांना वाटतं, पुलावर छप्पर माणसं भिजू नयेत म्हणून. कुणी म्हणतं, घोड्यांना खालचं पाणी दिसू नये म्हणून. कुणी हसून प्रेमीयुगुलांचं सांगतं. खरं म्हणजे छप्पर कैचीसाठी असतं. दोन्ही बाजूंच्या भिंतींत लाकडाची कैची, म्हणजे तिरक्या वाशांची चौकट, दडलेली असते, तीच पूल तोलते. उघड्यावरचं लाकूड काही पावसाळ्यांत कुजतं. तेच लाकूड कोरडं ठेवलं तर बांधणाऱ्याच्या पतवंडांनाही पुरतं. ज्यांनी हा पूल बांधला त्यांनी आधी सगळे वासे शेजारच्या कुरणात कापले, जोडून पाहिले आणि प्रत्येक सांध्यावर छिन्नीनं रोमन आकडे कोरले. मग ते सुटे करून ओढ्यावर पुन्हा जोडले. टॉर्च मारला की आकडे अजून दिसतात. दोन्ही लाकडांवर सात असेल तर ती दोघं एकमेकांची.

रचना साधी होती. दोन्ही काठांकडून निघालेले तिरके वासे मध्याकडे रेलतात, एकमेकांना रेटतात. या सगळ्यांना मिठीत घेतल्यासारखी एक लाकडी कमान एका काठावरून दुसऱ्या काठावर जाते. सांध्यांत खाच आणि ओकच्या खुंट्या. असे सांधे दाब घेतात, ओढ घेत नाहीत. वजन काठांकडे जायचं, एवढीच शपथ सगळ्या लाकडांनी घेतलेली.

आणि पुलाच्या बरोबर मध्याखाली, ओढ्यातल्या वाळूगोट्याच्या बेटावर, काँक्रीटच्या ठोकळ्यांचा एक जाड खांब उभा होता. मागाहून लावलेला टेकू.

मी त्याच्यापाशी उभी राहिले आणि वर पाहिलं. मधल्या वाशांचे सांधे उघडले होते. शिडी लावून चढले तर एकात माझं बोट गेलं.

डोरोथी मला त्या दिवशीच भेटली. मंडळाची अध्यक्ष, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, सत्तरीच्या आसपासची, नवऱ्याचा जुना कोट घातलेली. मला तिला नावानं हाक मारता येईना. आमच्याकडे त्या वयाच्या बाईला नावानं हाक मारली असती तर आईनं जेवायला दिलं नसतं. म्हणून पहिला महिनाभर मी तिला काहीच म्हटलं नाही, नुसती तिच्यासमोर जाऊन उभी राहायचे.

"हनी, तू हाक का मारत नाहीस? मी बहिरी नाही," ती एकदा म्हणाली.

तिच्याबरोबर अर्ल असायचा. मक्याचा शेतकरी, तिच्याच वयाचा, तोंडानं फाटका. पहिल्या भेटीत त्यानं विचारलं, "तुमच्या इंडियात पूल असतात ना?"

"असतात," मी म्हटलं. "पण छप्पर माणसांनाच पुरत नाही, म्हणून पुलांना घालत नाही."

तो डोरोथीकडे वळून म्हणाला, "ही चालेल."

डोरोथीनं मला पर्सिमनचं पुडिंग खायला दिलं. त्या भागात पानगळीत हे फळ झाडाखाली पडतं. लोक ते वेचतात आणि गर गाळून भट्टीत भाजतात. आधी मी झाडावरचं एक कच्चं फळ तोडून चावलं होतं, आणि तोंडाला अशी तुरट मिठी बसली की बोलता येईना. अर्ल मांडीवर हात मारून हसला. मला मात्र एकदम टेंभरं आठवली. आमच्याकडे तेंदूच्या झाडाला लागतात ती. नेमकी तशीच मिठी, आणि पिकल्यावर तसाच मधाळ गर. घरी जाऊन वाचलं तर दोन्ही झाडं एकाच कुळातली निघाली. मला त्या गावात परकं वाटणं त्या दिवशी थोडं कमी झालं. झाडांनी ओळख करून दिली होती, माणसांची बाकी होती.

पुडिंग खाताना तिनं सांगितलं, खालचा खांब तिच्या नवऱ्यानं, वॉल्टरनं उभा केला. अर्ल आणि इतर चारपाच शेतकरी मदतीला होते. पूल मधे झुकायला लागला होता, काउंटीकडे वेळ नव्हता. "कितीतरी शनिवार तो पाण्यात उभा राहिला. शेवटचं मोठं काम त्याचं. पुढच्या उन्हाळ्यात गेला." ती खिडकीबाहेर बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. "तू खालून बघितलास ना? कसा वाटला?"

"मजबूत आहे," मी म्हटलं. ते खरं होतं. पण पूर्ण खरं नव्हतं.

खरं असं होतं की तो मजबूत खांबच पूल मोडत होता. त्या गावात सगळे कोठारवाले. मक्याच्या, गवताच्या कोठारात तुळई झुकली की खाली खांब लावायचा, झालं. आजोबांपासून तेच करत आलेले. पूल दिसायलाही कोठारासारखाच, लाल, लांबट. म्हणून त्यांनी पुलालाही कोठाराचंच औषध दिलं. पण कोठाराची तुळई खाली वजन देते आणि पूल काठांकडे. मधे टेकू आला तसं वजन टेकूवर उतरायला लागलं आणि तिरके वासे, जे रेटायला बसवले होते, ते ओढले जाऊ लागले. ओढ घेणं त्यांना येतच नव्हतं. सांधे उघडले. झुकण्याचं मूळ कारण वेगळंच होतं: छपराच्या एका कोपऱ्यातून पाणी झिरपून कमानीचा पाय कुजला होता. पाय दुरुस्त करायचा आणि टेकू काढायचा. मग पूल स्वतः उभा राहील. माझं गणित तीनदा तेच सांगत होतं.

साहेबांनाही गणित पटलं. पण मंडळ ऐकेल असं त्यांना वाटत नव्हतं. "ते लोक तो खांब काढू देणार नाहीत," ते म्हणाले. "नवा पूल सुचव आणि मोकळी हो."

माझी इंजिनिअरिंगची मैत्रीण वैशाली तेव्हा अर्विंग शहरात होती. तिचा फोन यायचा. "अगं, त्या कॉर्नफील्डमध्ये काय करतेस यार? इकडे ये. आमच्याकडे ओपनिंग आहे. कोपऱ्यावर पोहे मिळतात, भाकरी मिळते. आणि पूल सगळे काँक्रीटचे, कुणाच्या नवऱ्याने बांधलेले नाहीत."

"हे संपवून ठरवते," मी म्हटलं.

"संपलं की तिथे दुसरा पूल निघेल."

"निघू दे."

मला त्या नोकरीची गरज होती, पण त्याहून जास्त मला एक गोष्ट पक्की करायची होती. ज्यांनी मला शिकवलं त्यांनी मला सोपं उत्तर लिहायला शिकवलं नव्हतं. पूल वाचू शकतो हे माहीत असताना तो पाडा असं मी लिहिणार नव्हते. प्रश्न एवढाच होता की डोरोथीला कसं सांगायचं.

रविवारी सकाळी मी बाबांना फोन केला. जयभीम झालं, गुडघ्याची चौकशी झाली, आणि मी सगळं सांगितलं.

"सांगितलंस का बाईले?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही."

"काहून?"

"तिच्या नवऱ्यानं लावलाय ना बाबा. तो गेला. त्याचं शेवटचं काम आहे."

मागे आई भांडी लावत होती. बाबा म्हणाले, "आमच्यात ज्यानं सेंटरिंग लावली त्यानंच खोलावी. दुसऱ्याच्या गँगनं हात लावला तं लोकं म्हणतात, काम बिघडलं होतं. घरच्या माणसानं खोललं तं म्हणतात, काम झालं."

मला लहानपणीचं आठवलं. सेंटरिंग खोलायच्या दिवशी बाबा घरून जेवून निघायचे नाहीत. शेवटची बल्ली निघाली की मगच डबा उघडायचा. मालक घाबरून रस्त्यावर उभा असायचा आणि बाबा आत, आपणच लावलेलं आपणच काढत.

पुढच्या शनिवारी मी डोरोथीला आणि अर्लला पुलाखाली नेलं. पाणी कमी होतं. गोट्यांवरून डोरोथी माझा हात धरून बेटावर आली. अर्लनं शिडी लावली आणि मी तिला दोन पायऱ्या वर चढवून तो सांधा दाखवला.

"यात बोट घाल," मी म्हटलं.

तिनं घातलं. मग खिशातून सिकॅमोरचं एक वाळकं पान काढून त्या फटीत खोचलं.

"हे खांबामुळे?"

"हो."

"म्हणजे वॉल्टरनं पूल मोडला."

"नाही. वॉल्टरनं पुलाला कोठार समजलं."

खालून अर्ल म्हणाला, "आम्ही सगळ्यांनीच समजलं." त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. "पण पोरी, टेकू काढला आणि पूल बसला तर? कागदावर सगळंच उभं असतं."

"बसला तर मी त्याच्यावर असेन," मी म्हटलं. "टेकू सुटल्यावर पहिली मी चालत जाईन."

डोरोथी शिडीवरून उतरली. नवऱ्याच्या कोटाच्या बाह्या तिनं वर सारल्या. "कोण काढणार?" तिनं विचारलं.

"ज्यांनी लावला त्यांनीच काढायचा. माझ्या बाबांच्या कामात तशी रीत आहे. अर्ल आहे. बाकीचे जे असतील ते. आणि वॉल्टरच्या जागी..." शेवटचा शब्द माझ्या तोंडून मराठीतच निघाला, "तुम्ही."

ती म्हणाली, "तो शब्द मला माहीत नाही, पण तू आत्ता काहीतरी वेगळं म्हणालीस ते मला कळलं."

मंडळाची बैठक चर्चच्या तळघरात झाली. आमच्या विहाराच्या समितीसारखीच. पहिला अर्धा वेळ खुर्च्या कुणी लावायच्या यात गेला, कॉफी कडू झाल्याबद्दल एकानं दुसऱ्याला टोमणा मारला. एका माणसानं विचारलं, वॉल्टरचा खांब काढायचा म्हणजे वॉल्टरचा अपमान नाही का? डोरोथी उठली. म्हणाली, "टेकू सोडवायचा जॅक मी फिरवणार आहे. अजून कुणाला वॉल्टरबद्दल बोलायचं आहे?"

नोव्हेंबरभर सुतारांनी कमानीचा कुजलेला पाय कापून तिथे नवा ओक बसवला. छपराची गळती बंद झाली. झाडं उघडी पडली, शेतं कापून मोकळी झाली, आणि पूल दुरूनसुद्धा दिसायला लागला. दुपारच्या सुट्टीत मी पुलात बसून डबा खायचे. डोरोथी कधी येऊन जुन्या गोष्टी सांगायची. हिवाळ्यात सगळीकडे बर्फ, पण छपरामुळे पुलात बर्फ नाही, आणि घसरगाड्यांना कोरड्या फळ्यांवरून जाता येईना. म्हणून तिच्या आजोबांचं काम असायचं पुलाच्या आत बर्फ पसरायचं. "अख्खा देश बर्फ बाहेर काढत होता," ती म्हणायची, "आणि आमचे आजोबा आत टाकत होते. आमच्या घराण्याचा तोच स्वभाव आहे."

टेकू काढायच्या दिवशी भुरभुर बर्फ पडत होतं. मी सकाळी काही खाल्लं नाही. खांबाच्या दोन्ही बाजूंना लाकडी ओंडक्यांचे चौथरे रचले होते, त्यांवर जॅक. पूल किंचित उचलला, खांबाचा वरचा थर काढून घेतला. मग खाली सोडायचं. पहिला फेरा डोरोथीनं दिला. एक जॅक तिच्याकडे, दुसरा अर्लकडे, आणि मी मधे उभी राहून म्हणत होते, "थोडं. थांबा. आता थोडं."

लाकूड कण्हलं. लांबून, काठाकडून आवाज आला, मग मध्यातून, मग पुन्हा काठाकडून, जणू बरीच वर्षं झोपलेलं कुणी एकेक बोट मोडतंय. तिरके वासे आपापल्या खाचांत सरकत गेले. अर्ल एकदम ओरडला, "पान बघ." डोरोथीनं सांध्यात खोचलेलं पान चिमटीत धरल्यासारखं घट्ट झालं होतं. सांधा मिटला होता. जॅक सैल पडले आणि पूल स्वतःच्या वजनावर उभा राहिला.

मी वर गेले. ठरल्याप्रमाणे एकटीच निघाले होते, पण मागे पावलं वाजली. डोरोथी होती. हातात मूठभर बर्फ. तिनं तो पुलाच्या आत टाकला, आजोबांसाठी, आणि माझ्याबरोबर चालायला लागली. मधोमध आल्यावर पायाखाली पूल अगदी बारीकसा हलला. टेकू असताना तिथे तो मुका होता.

"हलतोय," ती म्हणाली.

"हलायलाच हवा."

त्यानंतर आम्ही पलीकडच्या काठावर उभ्या राहून माझा डबा उघडला. पोळी आणि बटाट्याची भाजी, गार झालेली. अर्ल आला आणि न विचारता त्यातली अर्धी पोळी घेऊन गेला.

खांब पूर्ण पाडायचा बेत होता. डोरोथीनं विचारलं, तो तसाच उभा राहिला तर पुलाला काही होईल का? खांब बेटावर होता, प्रवाहात नव्हता. मी विचार केला आणि म्हटलं, पुलाला टेकणार नाही एवढा वरून काढू, बाकीचा राहू दे. पुलावरून गाडी गेली तरी मधे फट राहिली पाहिजे. तेव्हा आम्ही चार बोटं ठेवायचं ठरवलं.

"चार बोटं कुणाची?" अर्लनं त्याचा पंजा पुढे केला. मक्याच्या कणसांएवढी बोटं. "माझी की हिची?"

"माझी," डोरोथी म्हणाली.

तेव्हापासून दर ऑक्टोबरमध्ये मंडळातलं कुणीतरी शिडी लावतं आणि त्या फटीत चार बोटं घालून बघतं. चार मावली तर पूल खाली बसलेला नाही. काउंटीचे तपासणीस यंत्रं घेऊन येतात ते वेगळं. त्यांचं ते करतात, गाव आपलं करतं. मी वैशालीकडे अर्विंगला गेले नाही. पुढे नोकरीनं, लग्नानं मिनेसोटात आले, पण ऑक्टोबरचा एक शनिवार मी त्या पुलासाठी राखून ठेवते. वाटेत शिकागोला डेव्हन ॲव्हेन्यूवर थांबून डोरोथीसाठी बेसनाचे लाडू घ्यायचे. तिला त्यातली वेलची आवडते.

यंदा डोरोथी पुलापाशी येऊ शकली नाही. ती आता गावातल्या वृद्धाश्रमात असते, पाय चालत नाहीत. या वसंतात ओढ्याला मोठा पूर येऊन गेला होता. पाणी पुलाच्या फळ्यांपर्यंत पोचलं होतं, एवढंच अर्लनं फोनवर सांगितलं आणि पुढे म्हणाला, "तू ये. मी मोजणार नाही. माझी बोटं जाडी आहेत." अकराएक तासांच्या ड्राइव्हमध्ये मी सारखी स्टीअरिंगवर चार बोटं जुळवत होते. मुक्तानं हेडफोन काढून विचारलं, "आई, आर यू स्केअर्ड?"

"नाही," मी म्हटलं. "बघायचं आहे फक्त. बसला असेल तर पुन्हा उचलू."

पूल तिथेच होता. लाल रंगाच्या भिंतीवर पुराची चिखलरेघ गुडघ्याएवढी, बेटाचा आकार बदललेला, एक सिकॅमोर आडवा. नारिंगी किडे नेहमीसारखे दक्षिणेच्या भिंतीवर. अर्ल ट्रकमध्येच बसून राहिला, खिडकीतून म्हणाला, "शिडी मागे आहे. जेवायच्या वेळेआधी मोजा."

मी शिडी लावली. पायरीवर पाय ठेवणार तोच मुक्ता म्हणाली, "मी चढू? प्लीज?"

मी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. ती वर गेली. मिटलेल्या सांध्यातून त्या पानाचा काळा पडलेला देठ अजून बाहेर दिसतो. तो तिनं आधी बघितला, मग वॉल्टरच्या खांबाच्या माथ्यावर हात टेकवला. फोन माझ्या खिशात स्पीकरवर होता. पलीकडून डोरोथी बारीक आवाजात म्हणाली, "बसतात का?"

मुक्तानं चार बोटं जुळवून फटीत सरकवली. तेवढ्यात वरून एक पिकअप गेला. फळ्या काठापासून काठापर्यंत खडखडल्या, थोडी धूळ तिच्या केसांवर पडली. तिनं हात काढला नाही.

"बसली," ती ओरडून म्हणाली. "चार, आणि वर जागा उरली, डोरोथी आजी. थोडीशी."

मग डोरोथी म्हणाली, "ती जागा तुझ्या वाढण्याची आहे. पुढच्या वर्षी पुन्हा मोज."